अरण्याचे पाहुणे आणि अरण्याचे धनी

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला, की मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित माणसाच्या हाती हल्ली एक नव्या तऱ्हेचे पत्रक पडू लागते. पूर्वी अशा पत्रकात माथेरानची हवा असे, अलिबागची वाळू असे, जंजिऱ्याची तोफ असे. आता काळ सुधारला आहे. आता रायगडच्या किनाऱ्यामागील डोंगरांत 'दोन रात्री, तीन दिवस' घालविण्याचे निमंत्रण असते; त्यात पहाटे 'तज्ज्ञ मार्गदर्शकासह पक्षिदर्शन' आणि सायंकाळी 'आदिवासी संस्कृतीचे दर्शन' असे दोन प्रयोग एकाच तिकिटात दिलेले असतात. आमच्या हाती आलेल्या पत्रकावर डाव्या अंगास धनेश पक्ष्याचे चित्र होते, उजव्या अंगास एका कातकरी म्हातारीचे. धनेशाच्या चित्राखाली त्याचे नाव छापले होते. म्हातारीच्या चित्राखाली काहीच नव्हते. आमचे भांडण या एका गाळलेल्या नावापासून सुरू होते.

प्रथम पत्रकाच्या भाषेचा समाचार घेऊ. मुरूड-रोह्याच्या रानास त्यात 'दुर्गम वर्षारण्य' अशी पदवी दिली होती. ॲमेझॉनच्या किंवा बोर्निओच्या अरण्याची कीर्ती ऐकून ही पदवी उसनी आणलेली दिसते. फणसाडचे रान एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. त्यात ऐन आहे, किंजळ आहे, अंजनी आहे, झाडाझाडांवरून लोंबणारी गारंबीची अजस्र वेल आहे. शेकरू आहे, गिधाडे आहेत, आणि उन्हाळ्यात जनावरांची तहान भागविणारी पाणवठ्याची 'गाणे' आहेत. परंतु हे रान चार महिने पावसात भिजणारे आणि आठ महिने उन्हात तापणारे आहे. त्यातील पुष्कळ झाडे पाने गाळतात, आणि त्यातच त्याची खरी शोभा आहे. राहिला 'दुर्गम' हा शब्द. मुंबईहून सकाळी निघालेला माणूस तेथे दुपारच्या जेवणास पोहोचतो. दुर्गम असतो तो वाडीतल्या बाळंतिणीला दवाखाना. पण ती दुर्गमता पत्रकात येत नाही.

आता पक्षिदर्शनाकडे वळू. पाखरे पाहण्याच्या छंदाविरुद्ध आमची तक्रार नाही. उलट तो आमच्या मध्यमवर्गास फार उशिरा लागला, याचेच आम्हांस वाईट वाटते. या किनाऱ्यावर त्या छंदाचा मोठा पाठ घालून दिलेला आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील गाईड-लेक्चररची जागा गेल्यामुळे हाती काम नसलेले सालिम अली १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले होते. तेथे सुगरणीची वसाहत होती. शिडीवर बसून, आडोसा करून, त्यांनी दिवसच्या दिवस ती घरटी न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर नांदू लागते. आणि नर ते पुरे करून दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो, ही सुगरणीच्या संसाराची गोष्ट त्या चिकाटीतून उमगली आणि १९३१ साली प्रसिद्ध झाली. एक जात, एक जागा आणि एक पावसाळा, एवढ्याच भांडवलावर ही विद्या उभी राहिली.

त्या विद्येचा आज बाजार कसा भरला आहे, ते पाहा. दोन दिवसांत पाहुण्याच्या वहीत किती नावे चढली, यावर सहलीचे यश मोजले जाते. पाखरू आपल्या वेळेने येईना, तर मोबाईलवर त्याच्याच जातीचा मुद्रित आवाज वाजवून त्यास फसवून बाहेर काढतात. आपल्या हद्दीत परका नर शिरला अशा समजुतीने ते बिचारे चारा सोडून, अंडी सोडून धावत येते. इकडे कॅमेऱ्यांचा कडकडाट होतो. तिबोटी खंड्या हे या जिल्ह्याचे मानाचे पाखरू. मूठभर देह, पायास तीनच बोटे, आणि अंगावर सगळ्या रंगांची उधळण. पावसाबरोबर तो कर्नाळ्यासारख्या रानांत येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरून पिल्ले वाढवितो. त्या बिळासमोर माणसांनी दाटी केली, तर चोचीत चारा घेतलेले आईबाप बिळात शिरत नाहीत. पिल्लू उपाशी राहते आणि छायाचित्रास बक्षीस मिळते! नबाबाच्या शिकारीस निदान शिकार म्हणत असत.

तथापि पाखराच्या बाबतीत झालेला अपराध हा घाईचा अपराध आहे. शहाणपण आले तर तो सुधारेल. सायंकाळच्या प्रयोगाचे तसे नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः चार स्नेह्यांसमवेत अशा एका सहलीस गेलो होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार, आणि थोडी शरमही, आमच्यापाशी आहे. पहाटे आमचा मार्गदर्शक म्हणून शहरातला एक हुशार तरुण होता. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यास मुखोद्गत होती. आमच्या फराळाची टोपली डोक्यावर घेऊन एक वृद्ध कातकरी मागून चालत होता. एका उंबराखाली आम्ही धनेशाची वाट पाहत तासभर तिष्ठत बसलो. अखेर तो वृद्ध हळूच म्हणाला, "सायेब, यो उंबर आजून पिकला नाय. पल्याडच्या वडाला फळ आलाय, थय जावा." आम्ही पलीकडे गेलो. धनेश तेथे होते. आमच्या मंडळींनी मार्गदर्शकाचे अभिनंदन केले.

त्याच सायंकाळी निवासाच्या अंगणात शेकोटी पेटली आणि आदिवासी नृत्य सुरू झाले. नाचणाऱ्यांच्या रांगेत, डोक्यास मोराची पिसे बांधलेला, सकाळचाच तो वृद्ध होता. मागच्या भिंतीवर वारली चित्रे काढलेली होती आणि एकजण तारपा फुंकीत होता. वस्तुतः वारल्यांचा मुलूख पालघर-डहाणूकडचा. ती चित्रे त्यांची, आणि त्या नृत्यातला तारपाही तिकडचाच. रायगडच्या कातकऱ्याच्या अंगावर दुसऱ्या जमातीची संस्कृती चढवून ती आम्हांस 'अस्सल' म्हणून दाखविण्यात आली, आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. जो मनुष्य त्या रानातला खरा पंडित होता, तो सकाळी आमचा हमाल झाला आणि सायंकाळी आमचा देखावा झाला. मार्गदर्शक होण्याची पाळी त्याच्यावर दिवसभरात एकदाही आली नाही. त्याचे नाव विचारण्याचे आम्हांसही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

हा कातकरी आहे तरी कोण? खैराच्या लाकडापासून कात काढणारा म्हणून त्यास हे नाव पडले. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारच्या मुठीत गेले आणि ज्या झाडावर त्याचे नाव व पोट अवलंबून होते, त्या झाडास हात लावणे गुन्हा ठरू लागले. मग तो कोळसा पाडू लागला, विटा थापू लागला. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील तीन जमाती विशेष असुरक्षित ठरविल्या आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. आजही पुष्कळ कातकरी कुटुंबे पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळी सरली की ती फेडावयास मुलाबाळांसह वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात. ती परततात वळवाच्या सुमारास. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. उचल संपलेली नाही. आता वाचकांनी पंचांग उघडून एवढेच पाहावे, की या सहलींचा हंगामही दिवाळीपासून वैशाखापर्यंतच असतो. म्हणजे ज्या दिवसांत पाहुणे 'आदिवासी जीवन' पाहावयास येतात, त्याच दिवसांत अनेक वाड्यांतील धडधाकट माणसे परमुलखात विटा भाजीत असतात. पाहुण्यास दाखविण्यापुरते म्हातारे तेवढे मागे उरतात. जे जीवन पाहावयाचे ते भट्टीवर आहे. तेथे मात्र कोणाची सहल जात नाही.

किहीमचा १९३० चा पावसाळा आम्ही वर सांगितला. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, त्याच कुलाबा जिल्ह्यात, आणखी एक गोष्ट घडली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा होता. सुगरणीचा अभ्यास जगातल्या पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत गेला, आणि तो योग्यच गेला. नाग्याचे स्मरण चिरनेरचे लोक करतात. पण पक्षिदर्शनास निघालेल्या आमच्या मोटारीत त्याचे नाव एकासही ठाऊक नव्हते. ज्या जमातीच्या मुलाने या रानावरील लोकांच्या हक्कासाठी छातीवर गोळी झेलली, ती जमात आमच्या पत्रकात 'निसर्गाच्या कुशीत निर्व्याजपणे नाचणारी' झाली आहे!

यावर सहलवाल्यांचा पूर्वपक्ष आम्हांस ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, पाहुणे आले म्हणून वाडीत चार पैसे आले. नाचणाऱ्यास एका रात्रीत जे मिळते, ते भट्टीवर सहजी मिळत नाही. रानास पाहुणा नसेल, तर रानाच्या जागी बंगल्यांचे भूखंड पडतील. भूखंडांची भीती खरी आहे. अलिबागच्या किनाऱ्यास ती निराळी सांगावयास नको. पैशाचे म्हणणेही खरे आहे. परंतु प्रश्न असा, की तो पैसा कशाबद्दल दिला जातो? त्या वृद्धास धनेशाचा ठावठिकाणा सांगितल्याबद्दल कवडी मिळाली नाही. पिसे बांधून उभे राहिल्याबद्दल मिळाली. ज्ञान फुकट आणि सोंगास मोल, असा हा व्यवहार आहे. ज्या मुलास असे दिसते, की आजोबाच्या रानविद्येस किंमत नाही आणि आजोबाच्या पिसांस आहे, तो मुलगा ती विद्या शिकेल कशाला? म्हणजे ज्या संस्कृतीच्या दर्शनाचे तिकीट विकले जाते, तिचीच मुळे हा धंदा आपल्या हाताने तोडीत असतो.

दुसरे असे, की पाहुण्यांची वर्दळ म्हणजे वाडीची काळजी नव्हे. किनारा सोडून जरा आत, खालापूर तालुक्यात इरसाळगड आहे. त्याच्या वाटेवर ठाकरांची इरसाळवाडी होती. गडावर जाणारे शेकडो तरुण तिच्या अंगणांतून गेले. तेथली भाकरी खाल्ली, तेथले पाणी प्याले, तेथल्या धुक्याची चित्रे काढली. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर तिच्यावर आला. शोध थांबविला, तेव्हा २७ प्रेते हाती आली होती आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच नंतर विधिमंडळात सांगितले. भटक्यांच्या यादीत ती होती. आम्ही त्या तरुणांस दोष देत नाही. दरड कोसळल्यावर मदतीस धावलेल्यांत गिर्यारोहकही होते. आमचे म्हणणे इतकेच, की पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून पाहिले जाणाऱ्यांचे दुःख आपोआप दिसू लागत नाही. डोळे देखाव्याकडे लागले, की त्यामागचा डोंगर दिसत नाही.

मग करावयाचे काय? घरी बसावे, असे आम्ही म्हणत नाही. रानात जावे, पण तेथील माणसास मार्गदर्शकाच्या जागी बसवून जावे आणि मार्गदर्शकाचा पुरता मेहनताना त्याच्या हाती द्यावा. इंग्रजी नावे शहरातल्या तरुणाने सांगावीत. त्यास कोणी अडविलेले नाही. पाखराचा आवाज वाजवू नये आणि घरट्यापाशी कॅमेरा नेऊ नये. नाच हा ज्यांचा आहे, त्यांनी आपल्या सणास आपल्या अंगणात नाचावा, आणि बोलाविले तरच पाहुण्याने जावे. कातकऱ्यास काही विकावयाचेच असेल, तर त्याच्या बायका पावसाळ्यात पेण-पनवेलच्या बाजारांत शेवळे, करटोली, भारंगी घेऊन बसतात. ती घासाघीस न करता घ्यावी. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा जमातींच्या वसतिस्थानावरील सामूहिक हक्कासाठी जे कलम आहे, त्याची रायगडात काय वाट लागली, हा प्रश्न आम्हां पाखरे पाहणाऱ्यांनी सरकारास विचारावा. आम्हांस लिहिता येते, अर्ज करता येतो, कचेरीतला कारकून आम्हांस खुर्ची देतो. आमच्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

ज्या वडावर धनेश बसले होते, तो वड कोणाच्या वहिवाटीतला, हे त्या वृद्धास तोंडपाठ असेल. कागदावर ते कोठेही लिहिलेले नसेल. जोवर ते लिहिले जात नाही, तोवर त्या रानात आम्ही पाहुणे आहोत की नबाबाचे वारस आहोत, हे आमचे आम्हीच ठरवावयाचे आहे. या हिवाळ्यात ज्यांच्या हाती ते पत्रक पडेल, त्यांनी पहाटेच्या पाखरांस अवश्य जावे. सायंकाळच्या प्रयोगास मात्र जाऊ नये. आणि टोपली वाहणाऱ्याचे नाव पहिल्या पावलालाच विचारावे.