गुरुमित्राचे ऋण

आमचे ज्येष्ठ स्नेही व वकिलीतील गुरू नुकतेच निवर्तले. आपले नाव छापू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती आम्ही पाळीत आहो.

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत. आमचे स्नेही त्याच निःस्वार्थ परंपरेतले. गरीब पक्षकाराकडून त्यांनी कधी फी घेतली नाही.

वकिलीच्या आरंभी एका नवदीक्षित कुटुंबास आम्ही सल्ला दिला की, सवलती हव्यात तर अर्जात धर्म हिंदूच लिहावा. गुरुजींनी तो अर्ज आमच्या हातून काढून घेतला. "वकीलसाहेब, बाबासाहेबांनी १९५६ साली लाखोंच्या साक्षीने धम्म घेतला, आणि तुम्ही तो कागदावर लपविता? तेही कायदा न पाहता?" आम्ही खजील झालो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने ते मिळाले. हे आम्ही शिकलो होतो, परंतु भीतीपोटी विसरलो.

बंधुभगिनींनो, धर्माच्या रकान्यात निर्भयपणे 'बौद्ध' लिहा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वाडवडिलांचे शाळेचे वा महसुली कागद जपून ठेवा. त्यांवरील जात हा केवळ हक्काचा पुरावा आहे. आपली ओळख धम्माने ठरते.

गुरुमित्राचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

जय भीम!