कंदील कुणाच्या हातचा?

दिवाळी आठवड्यावर आली की शाळांकडून सुट्टीतल्या उपक्रमांची यादी घरी येते. आकाशकंदील, भेटकार्ड, पणती रंगवणे, किल्ला. पुढचे चित्र पुष्कळ घरांत सारखेच असते. पहिली-दुसरीतले मूल नऊ वाजता झोपी जाते आणि आई-बाबा अकरापर्यंत कार्डशीट कापत बसतात. सकाळी तयार असलेला कंदील देखणा असतो, त्याला शेराही चांगला मिळतो. ज्याच्या नावाने तो शाळेत जातो, त्याच्या बोटांना मात्र त्यातून काहीच मिळालेले नसते. एका मापाच्या झिरमिळ्यांचा कंदील सहा वर्षांच्या मुलाने केलेला नाही, हे बाईंनाही कळत असते. मग अशा कंदिलाचे कौतुक कशासाठी, याचा विचार शाळांनीच करावा.

हाताच्या कामाला वैद्यक एवढे महत्त्व देते, त्याला कारण आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर स्नायूंना हालचालीची आज्ञा देणारा एक पट्टा असतो. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला शस्त्रक्रियेच्या वेळी अगदी सौम्य विद्युतप्रवाह देऊन या पट्ट्याचा नकाशा तयार केला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. पाठ, पोट आणि मांड्या यांना त्यात जेवढी जागा आहे, त्याहून कितीतरी अधिक एकट्या हाताला आहे आणि त्यात अंगठ्याचा वाटा मोठा आहे. ही जागा जन्मतः मिळते, पण तिथली सफाई वापरानेच येते. मोबाइलच्या काचेवर बोट सरकवायला या यंत्रणेचा अगदी थोडा भाग पुरतो. कागदाची घडी घालताना दोन्ही हात वेगवेगळे काम करतात. एक धरतो, दुसरा दाबतो आणि डोळे दोघांवर लक्ष ठेवतात. शर्टाचे बटण लावायला, बुटाची नाडी बांधायला आणि न दमता पानभर लिहायला पुढे हेच कसब लागते.

वयाचे भान मात्र हवे. साधारण तीन वर्षांचे मूल पाहून गोल काढते, चार-साडेचारला चौकोन जमतो, त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. बालरोगतज्ज्ञ विकास तपासताना हीच चित्रे काढायला सांगतात. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला पतंगाचा कागद फाडायला आणि तुकडे चिकटवायला द्यावा. त्यात त्याचा तासभर मजेत जातो. चार-पाच वर्षांच्या मुलाने बोथट टोकाच्या कात्रीने झिरमिळ्या कापाव्यात. त्या वाकड्या येतील, त्या तशाच लावाव्यात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बांबूच्या कामट्यांची चांदणी जमते. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, पाचही टोके दोऱ्याने एकत्र बांधायची आणि मधल्या जोडांवर पाच आखूड कामट्या आडव्या अडकवून पोट फुगवायचे. कामट्या तासून द्यायचे काम मोठ्यांचे, कारण बांबूची कूस बोटात खोल जाते आणि मोडली तर पिकते. गोव्यात आणि वसईत नाताळाला दारावर चढणाऱ्या कागदी चांदणीचा सांगाडाही असाच बांधता येतो.

अशा वेळी मुलाशेजारी नुसते बसून राहिले तरी बरेच काही दिसते. कागद सतत नाकाजवळ नेणारे मूल, एक डोळा मिटून कापणारे मूल, एका हाताचा वापर टाळणारे मूल. यांपैकी काही वारंवार आढळले, तर सुट्टी संपण्याआधी तपासणी करून घ्यावी. एका डोळ्याची नजर कमी असली तर दुसऱ्या डोळ्यावर काम भागते आणि मूल तक्रारच करत नाही. तो 'आळशी डोळा' लहान वयात सापडला तर उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. वय वाढत जाते तसे ते कठीण होत जाते.

आता सामानाविषयी. कागदाला गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ पुरते. जुन्या रीतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. काही घरांत आजही घालतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचे निळेशार खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात. पोटात गेल्यावर उलट्या होतात, जठराला इजा होते आणि मात्रा जास्त असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात. चार दिवस टांगायच्या कंदिलाला कीड लागेल ही भीतीच अनाठायी आहे. दुकानात मिळणारा झटपट चिकटणारा गोंदही मुलांच्या हाती नको. तो सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की कातडी भाजते. पापण्या चिकटल्या तर ओढून सोडवू नयेत, कोमट पाण्याने धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पणत्या रंगवायला माळ्यावरचा जुना ऑइलपेंटचा डबा काढण्याचा मोह टाळावा. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती शिसे आहे, हे डब्याकडे पाहून कळत नाही. आणि शिसे मुलांच्या मेंदूलाच बाधते. गेरू, हळद, चुना यांनी पणती छान रंगते, फक्त कोरडा चुना मुलांनी हाताळू नये. त्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते.

या सगळ्याहून मोठा धोका अलीकडे घरात आला आहे आणि तो दिसायला फारच निरुपद्रवी आहे. बॅटरीवरच्या पणत्या, चमकणारी भेटकार्डे, कंदिलातले छोटे दिवे यांत चपटी, गोल, नाण्यासारखी सेल असते. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर तिथल्या ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते. पुढे तिला भोक पडू शकते, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत इजा पोहोचू शकते. मूल खोकत असेल, लाळ गळत असेल, घास नाकारत असेल आणि घरातल्या एखाद्या दिव्यातली सेल सापडत नसेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. उलटी करवू नये, केळे-भाताचे गोळे खाऊ घालू नयेत. तडक एक्स-रेची आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो. त्याने इजेचा वेग कमी होतो. मात्र मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, तो लहान मुलाच्या घरात आणूच नये. वापरलेली सेलसुद्धा घातक असते, त्यामुळे ती चिकटपट्टीत गुंडाळून टाकावी.

किल्ल्याची गोष्ट वेगळी आहे. तो मूल उन्हात, मातीत, चार सवंगड्यांत बांधते. रोज निदान दोन तास दिवसाच्या उजेडात बाहेर काढणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हे चीन आणि तैवानमधल्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. अळीव पेरून चार दिवसांत किल्ल्यावर हिरवळ येते. बुरूज ढासळतो, तो पुन्हा बांधताना पाया रुंद लागतो हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही. नखे कापलेली असावीत, पायांत चपला असाव्यात आणि पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लशीचा, तसेच दहाव्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचा डोस झाला आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्यावे.

मातीपेक्षा जपायचे ते दगडविटांना. परसातल्या जुन्या ढिगात विंचू असतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी बरीच मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्याच रुग्णांवर काम करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आणला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. पण हे औषध वेळेत मिळावे लागते. दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर विष हृदयावर काम करू लागले आहे असे समजावे. अशा वेळी मंत्र-उताऱ्यात किंवा दंशाच्या जागी चिरा देण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचावे. दगड उचलण्यापूर्वी मोठ्या माणसाने काठीने उलटून पाहावेत. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतानाही तसेच करावे, कारण मधल्या दिवसांत ओलसर, अंधाऱ्या भुयारात कोण राहायला आले असेल, ते मावळ्यांनाही ठाऊक नसते.