आयती टीम

बारावीच्या पोराला खेळायला वेळ मिळून मिळून किती मिळणार? मुलुंडच्या माझ्या भाच्याला क्लास आणि जेवण यांच्यामधली फट मिळते. तेवढ्यात तो लॅपटॉपवर, डॉल्फिन नावाच्या इम्युलेटरमध्ये, 'इनाझुमा इलेव्हन गो स्ट्रायकर्स 2013' खेळतो. निन्टेंडो वीसाठी डिसेंबर 2012मध्ये आलेला हा अ‍ॅनिमे फुटबॉल फक्त जपानात विकला गेला. मेनू झाडून सारे जपानी. शॉट मारला की बॉल पेट घेतो, गोलकीपरसमोर भलामोठा सोनेरी पंजा उगवतो. पण सगळे खेळाडू सुरुवातीला हाती लागत नाहीत. खेळत राहाल तसे उघडतात. भाच्याने ती भानगडच ठेवली नाही. कुणा अनोळखी माणसाची सगळं उघडलेली सेव्ह फाइल टाकली आणि थेट मॅच लावली.

"मामा, ही चीटिंग नाही हं," हेही आधीच सांगून टाकलं.

मला मान्य आहे. खेळातली कुलपं बनवतात ती ज्याच्या घरी मशीन आहे त्याच्यासाठी. आमचं प्लेस्टेशन 2 बोरिवलीच्या गेम पार्लरमध्ये होतं, तासावर. भाड्याच्या तासात कुलपं उघडत बसायचं म्हणजे वडापावचे पैसे गेले. म्हणून पार्लर निवडताना आम्ही एसी बघायचो नाही, मेमरी कार्ड बघायचो. 8 एमबीचं ते काळं कार्ड पार्लरवाल्याचं, पण त्यातली मेहनत गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांची.

ती उडायचीही. जपानी डिस्कची एक गोची असे: वर्तुळाचं बटण म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नको'. आमचा अंगठा फुलीलाच 'हो' म्हणायला सरावलेला. जुन्या सेव्हवर नवी चढवू का, असं मशीन जपानीत विचारी आणि कुणीतरी 'नको' समजून वर्तुळ दाबी. गेली टीम! दाबणारा मग काही दिवस दुसऱ्या गल्लीने जायचा.

त्याआधी तर कार्डही नव्हतं. टेक्मोच्या 1988च्या 'कॅप्टन त्सुबासा' या फुटबॉल गेममध्ये पासवर्ड उतरवून ठेवावा लागे, तोही जपानी अक्षरांत. पण एकाने उतरवला की दुसऱ्याला तिथूनच पुढे खेळता येई. आयती सेव्ह तेव्हाही होतीच, कागदावर.

कथा खेळायची असेल तर मात्र आयती फाइल घेऊ नये, असं माझं ठाम मत. हरणाऱ्या टीमला एकेक पोरगा येऊन मिळतो, त्यातच तर इनाझुमाची मजा. भाचा ऐकून घेतो आणि रविवारी घाटकोपरचा चुलतभाऊ आला की दुसरा कंट्रोलर जोडतो. दोघांना कथा नकोच असते, एकमेकांना हरवायचं असतं.

फक्त टीमचं नाव त्या फाइलवाल्याने जपानीत ठेवलंय. ते बदलायचं कुठून, हे अजून दोघांनाही सापडलेलं नाही. त्यामुळे भाचा दर रविवारी कुणा भलत्याच्याच नावाने जिंकतो.