दोन बाजूंचे घर आणि एक क्लॅम्प

अमेरिकेतल्या घरात वीज कुठे जाते हे पाहायचे तर मुख्य तारेवर प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प लावावा आणि आकडा दुप्पट करावा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. इथून तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना ते चटकन पटते. पुण्या-नाशिकच्या सिंगल फेज घरात एकच फेज असते, आणि तिथे एक क्लॅम्प खरोखर पुरतो. न्यू जर्सीतल्या घरात मात्र हा सल्ला साफ चुकीचा आहे.

तिथे ट्रान्स्फॉर्मरमधून तीन तारा घरात येतात. दोन फेजच्या, त्यांच्यात २४० व्होल्ट; तिसरी न्यूट्रल, गुंडाळीच्या मध्यातून काढलेली, जिच्यापासून प्रत्येक फेज १२० व्होल्टवर. तांबे वाचवणारी तीन तारांची पद्धत एडिसनने १८८३ साली पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात चालवली. तेव्हा ती डीसीवर होती. आज दिवे, फ्रिज, मायक्रोवेव्ह एकेका फेजवर, म्हणजे एकेका बाजूवर चालतात, तर वॉटर हीटर, सेंट्रल एसी दोन्हींवर मिळून. कपड्यांच्या ड्रायरचे तर बहुधा दोन्ही असते: हीटर २४० वर, ड्रम फिरवणारी मोटर १२० वर.

भार दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला असतो, असा दुपटीवाल्यांचा मुद्दा. इलेक्ट्रिशियन सर्किटे वाटतो; कोणत्या क्षणी काय चालू असेल हे त्याच्या हातात नसते. १२०० वॅट ओढणारा मायक्रोवेव्ह क्लॅम्पच्या बाजूवर असेल तर २४०० दिसतील, पलीकडे असेल तर शून्य. महिनाअखेर चुका फिटतील म्हणावे, तर फ्रिज रात्रंदिवस त्याच एका बाजूवर असतो.

दुसरी युक्ती दोन्ही तारा एकाच क्लॅम्पमधून नेण्याची. एकाच दिशेने नेल्या तर वॉटर हीटरचा प्रवाह एकीतून जातो, दुसरीतून परततो, आणि क्लॅम्पला काहीच दिसत नाही. एक तार उलटी घातली तर बेरीज मिळते, हे मान्य. पण कोणत्या बाजूवर किती, ते हरवते.

नुसत्या ॲम्पिअरला व्होल्टने गुणणेही पुरत नाही. मोटरचा पॉवर फॅक्टर त्यात येत नाही, आणि छतावर सौर पॅनेल असतील तर वीज येते आहे की जाते आहे, हे व्होल्टेजशी ताडल्याशिवाय कळत नाही.

बिल येतेच, मग हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर न्यूट्रलचे आहे. न्यूट्रल सैल झाली की दोन बाजूंमधले २४० तसेच राहतात, पण एका बाजूचे १२० चढून १४०-१५० होतात आणि दुसरीचे तितकेच उतरतात. एका खोलीतले दिवे मंद, दुसरीतले प्रखर. मग टीव्ही, फ्रिज जळतात, आगही लागू शकते. बिलात याचा मागमूस नसतो. न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंचे व्होल्टेज वेगळे नोंदवणाऱ्या मीटरवर हा फरक वेळीच दिसतो.

म्हणून दोन क्लॅम्प, प्रत्येक बाजूचे स्वतंत्र व्होल्टेज, आणि प्रत्यक्ष वॅट मोजणारा मीटर. ही जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. मुख्य ब्रेकर बंद केला तरी त्याच्याकडे येणाऱ्या तारांत वीज असतेच.