सुट्टीपुरते प्रेम नको

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी हट्ट करून आईला नाशिकमधल्या एका प्राणी-निवारा केंद्रात नेले. कुत्र्याचे पिल्लू दत्तक घ्यायचे, हे मी वसतिगृहातच पक्के केले होते. नावही ठरले होते. तिथल्या काकांनी अर्ज पुढे केला आणि विचारले, "याला रोज फिरवणार कोण?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी." त्यांनी माझ्या बारीक कापलेल्या केसांकडे पाहिले. "आणि सुट्टी संपल्यावर?"

मी आईकडे पाहिले. बाबा सीमेवर, ताई शिकायला पुण्यात. घरी आई आणि गुडघेदुखीने बेजार आजी. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

तेव्हा मला त्या काकांचा फार राग आला होता. आज मी त्यांच्याच बाजूने लिहितो आहे.

कुत्रा साधारण बारा-पंधरा वर्षे जगतो. घरात सांभाळलेले मांजर कधी त्याहून अधिक. आठवीतल्या कॅडेटने आणलेले पिल्लू तो कॅप्टन होईपर्यंत म्हातारे झालेले असते. मधली सगळी वर्षे त्याला कोणीतरी खाऊ घालते, फिरवते, लस टोचायला नेते. ते 'कोणीतरी' बहुधा आई असते आणि निर्णयाच्या वेळी तिला कोणी विचारलेले नसते.

फौजी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो: बदली. आमच्या जुन्या क्वार्टर्समध्ये शेजारचे सामान ट्रकमध्ये चढले, माणसे गाडीत बसली आणि त्यांचा कुत्रा फाटकाशीच राहिला. पुढे कितीतरी दिवस तो रोज संध्याकाळी त्याच दाराशी येऊन बसे. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी आधी विचार केला नव्हता, एवढेच. पण त्याची शिक्षा त्या मुक्या जिवाला झाली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागूनही लढलेल्या 'झूम' या लष्करी श्वानाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ती ऐकताना ऊर भरून येतो. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधले निवृत्त श्वान आता इच्छुक कुटुंबांना दत्तकही दिले जातात. मग ज्याच्या नावावर ना पदक ना पराक्रम, त्या साध्या गावठी कुत्र्याला आपल्या घरात जागा का नसावी? आपल्या हवेला तो सरावलेला असतो आणि पाळला तर तोही तितकाच इमानी.

हा प्रश्न आता आपल्या आवारापर्यंत आला आहे. शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची मोकाट कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. चावण्याची आणि रेबीजची भीती खरी आहे. त्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण मेसमधल्या पोळीचा तुकडा टाकून ज्यांना आपण लळा लावला, त्यांची गर्दी उद्या निवाऱ्यांत होणार. त्यातल्या काहींना तरी घर मिळायला हवे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे: मुलाचा हट्ट म्हणून महागडे पिल्लू विकत आणू नका. आधी निवाऱ्यात जा, तेही दोन-चार वेळा. जो माणूस रोज घरी असणार, त्यालाच निवड करू द्या. पिल्लाऐवजी मोठा कुत्रा किंवा मोठे मांजर पाहा. त्याचा स्वभाव आधीच कळतो. पुढची बदली झाली तर ते कसे येईल, हे आजच ठरवा. एवढे जमणार नसेल, तर नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. आणि कॅडेट मित्रांनो, सुट्टीत निवाऱ्यात जाऊन पिंजरे धुण्याचे काम आपल्यालाही करता येते. मी केले आहे. वास फार येतो, पण सवय होते.

आमच्या घरचा शेवट सांगायचा राहिला. मी शाळेत परतल्यावर आई एकटीच त्या केंद्रात चार वेळा जाऊन आली. हिवाळी सुट्टीत घरी पोहोचलो, तर दारात पाच वर्षांची, एक कान मोडलेली तांबडी कुत्री उभी. "घरात कुत्रं नको" म्हणणारी आजी तिला 'तांबडे' अशी हाक मारत होती आणि दोघी सारख्याच सावकाश चालत होत्या.

मला पाहून ती जोरात भुंकली. तिच्या लेखी मी परका होतो. क्षणभर वाईट वाटले. मग वाटले, बरोबरच आहे. मी चार दिवसांचा पाहुणा. घर तिचे होते.