मराठीचा साचा कुठे आहे?

२०१९ साली मी आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह होतो. जत्रेच्या नाटकांतून चाळीस वर्षे तोंडाला रंग लावलेले गावचे एक जुने नट त्या वर्षी वारले. कार्यकारिणीने शोकप्रस्ताव संमत केला आणि तो टाईप करून घरी पोहोचवायचे काम माझ्याकडे आले. मी काय केले? तुम्ही करता तेच! संगणकावरचा आदल्या वर्षीचा शोकप्रस्ताव शोधला, उघडला, नाव बदलले, दोन वाक्ये इकडची तिकडे केली, प्रिंट काढली, सही ठोकली आणि दिला नेऊन. बाराव्याच्या दिवशी त्यांच्या मुलाने मला अंगणात बाजूला घेतले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, शेवटच्या ओळीत बाबांचं नाव नाही. दुसऱ्याच कुणाचं आहे."

नाव वर दोन ठिकाणी बदलले होते, तिसरे राहून गेले होते. आदल्या वर्षी गेलेल्या एका शिक्षिकेच्या आत्म्याला आम्ही दुसऱ्यांदा शांती चिंतली होती, आणि ज्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहिलो ते तसेच राहिले होते. मुलगा रागावला असता तर बरे झाले असते. तो फक्त म्हणाला, "दुसरा कागद दिलात तर फ्रेम करून लावीन म्हणतो."

मंडळी, ह्याला मी निव्वळ माझा वेंधळेपणा म्हणून सोडून दिले असते. पण नंतर डोळे उघडे ठेवून पाहू लागलो तेव्हा कळले की आमच्या झाडून साऱ्या मराठी संस्था अशाच चालतात. व्याख्यानमालेच्या निमंत्रणावर गेल्या वर्षीच्या अध्यक्षांचे नाव, इतिवृत्तात दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेले खजिनदार 'उपस्थित', देणगीच्या आभारपत्रात भलतीच रक्कम. हे सगळे एकाच सवयीचे प्रताप आहेत : जुनी फाईल उघडायची, खोडायची आणि तिच्याच पोटात नवे पत्र लिहायचे. कधी कधी तर 'सेव्ह अ‍ॅज' करायचेही विसरतात, मग नव्या पत्राबरोबर जुन्याचाही दफ्तरातून निकाल!

आता चवथीचे उदाहरण घ्या. आमच्याकडे चित्रशाळेत साच्यातून गणपती काढतात. साचा फळीवर असतो, माती नवी असते, मूर्ती नवी असते. गेल्या वर्षीचा गणपती घासून पुसून यंदाचा करा असे कुणी चित्रकाराला सांगितले तर तो काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. पण कागदाच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. संगणकावर साचा करायची सोय आहे, तिला टेम्प्लेट म्हणतात, आणि ती कालपरवा आलेली नाही. वर्डमध्ये ती गेल्या शतकापासून आहे. साचा उघडला की साचा उघडतच नाही, त्याची कोरी प्रत उघडते. तुम्ही काहीही खरडा, मूळ जागच्या जागी राहते. जुनी फाईल आणि साचा ह्यांत एवढाच फरक आहे, पण त्या एवढ्या फरकापायी मी एका घरात शरमिंदा झालो.

पण माझे भांडण केवळ चुकांशी नाही. माझे म्हणणे असे की कागद कोणत्या भाषेत लिहिला जाणार हे लिहिणाऱ्याचे भाषाप्रेम फारसे ठरवत नाही, ते हाताशी असलेला साचा ठरवतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने पेढे वाटले, अभिनंदनाचा ठराव केला. (कोणती ते विचारू नका, मीही तिचा सभासद आहे.) त्या ठरावाचे पत्र मी पाहिले. वर संस्थेचे नाव रोमन लिपीत, खाली 'रेफ. नंबर', मग 'डेट', मग 'सब', मग 'रिस्पेक्टेड सर', आणि मजकूर इंग्रजीत! मराठी अभिजात झाली हो, पण इंग्रजीतून झाली. चिटणीसांना विचारले तर ते म्हणाले, "लेटरहेडची फाईल तशीच आहे ना, मग आत मराठी लिहिलं तर विचित्र दिसतं." ह्या गृहस्थांनी राजभाषेच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांच्या मराठीप्रेमावर शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. पण संगणक उघडला की समोर इंग्रजी साचा आणि मराठीचा नाही, तिथे लाठ्या काय करणार?

आणि कायद्याकडे बोट दाखवू नका. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीही शासकीय कामासाठी वापरण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यावर गेली अनेक वर्षे आपण सभा घेतो, निवेदने देतो. ती निवेदने कोणत्या भाषेत टाईप झालेली असतात ते जाता जाता बघून घ्या! (हा वाद कोकणीशी नाही. लिपी एकच, अडचणीही त्याच. मी पुढे जे सांगतो आहे ते कोकणी संस्थांनीही खुशाल घ्यावे.)

साचा नसला की काय होते ह्याचा धडा गोमंतकाइतका जुना कुणाकडे नाही. छापखाना हिंदुस्थानात पहिल्यांदा उतरला तो गोव्यात, १५५६ साली. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. ओवीबद्ध मराठी, आणि लिपी? रोमन! देवनागरीचा त्यांना कंटाळा होता म्हणून नव्हे. आठ वर्षे आधी, १६०८ च्या पत्रात त्यांनी आपल्या वरिष्ठांना कळवले होते की ह्या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस साच्यांवर भागते तिथे इथे सहाशे साचे पाडावे लागतील. ते साचे पडले नाहीत आणि पुराण रोमन लिपीत निघाले. प्रियोळकरांनी भारतातल्या छापखान्याच्या इतिहासावर १९५८ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात हे सारे सविस्तर आहे. स्टीफन्सना निदान धातूचे सहाशे साचे हवे होते. आपल्याला पाच-सहा फायली हव्या आहेत आणि त्या फुकट होतात!

बरे, करायचे म्हटले की लोकांचा पहिला अडथळा फाँटचा. संस्थेच्या संगणकावरच्या निम्म्या मराठी फायली जुन्या धाटणीच्या फाँटात असतात. त्या फायलींत खरे तर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की मुखवटा गळतो आणि कागदभर अगम्य चिन्हांची रांगोळी. अशा फायलींचा साचा करू नका. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये २००० पासून. आता सबब उरलेली नाही.

दुसरी गोम जरा आत दडलेली आहे, आणि हिच्यापायी कित्येकांनी 'मराठीत नीट बसत नाही' म्हणून नाद सोडला. वर्ड असो वा लिबर ऑफिस, अक्षरांचे वळण आणि आकार ते लिपीनुसार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. रोमनसाठी एक कप्पा आणि देवनागरी, अरबी वगैरेंसाठी 'कॉम्प्लेक्स' नावाचा दुसरा. तुम्ही शीर्षकाचा आकार १८ करता, तो रोमनच्या कप्प्यात जातो, मराठी अक्षर आहे तेवढेच राहते. मग आपण संगणकाला शिव्या घालतो. तर साचा करताना फाँटच्या चौकटीतला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा रकाना भरा. लिबर ऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे भाषा म्हणून मराठी निवडा. मराठीच निवडा, हिंदी नको. विंडोजच्या मंगल फाँटमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. काही नवे फाँट मात्र असे आहेत की मजकुराची भाषा मराठी सांगितली की आपल्या वळणाचा 'ल' आणि 'श' काढून देतात. आणि दोन ओळींमधले अंतर 'एक्झॅक्टली' करून आवळू नका, वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात.

तारखेचेही तसेच. वर्डमध्ये तारीख घालताना 'आपोआप बदला'च्या चौकटीत खूण केलीत तर ती फाईल ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची तारीख दाखवते. एका इतिवृत्ताची तारीख दर वेळी नवी निघत असलेली मी पाहिली आहे, लेखापरीक्षकासमोर! तिथे 'क्रिएट डेट' नावाचे फील्ड घालावे, म्हणजे पत्र ज्या दिवशी जन्मले तीच तारीख राहते.

ह्यापुढचे मात्र मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडले नाही, कारण तो प्रश्नच इंग्रजीचा नाही. नावाची जागा कोरी ठेवायची कशी? इंग्रजीत नाव कुठेही टाका, नाव बदलत नाही. मराठीत विभक्ती लागली की नामाचे रूप पालटते, आणि कोऱ्या जागेला सामान्यरूप कळत नाही. ह्यावर आपल्या जुन्या कारकुनांनी कधीच तोड काढून ठेवली आहे : 'यांना', 'यांचे', 'यांच्या'. 'कै. अमुक यांच्या निधनाने' म्हटले की नाव जसेच्या तसे राहते, विभक्तीचा भार 'यांच्या' उचलते. ज्या कारकुनी मराठीला आपण साहित्यिक मंडळी नाके मुरडतो तिनेच हे काम करून ठेवले आहे! लिंगाचे मात्र तसे नाही. 'ते गेले', 'त्या गेल्या', 'हे आमचे मार्गदर्शक होते', 'या आमच्या मार्गदर्शक होत्या' हे एका साच्यात बसत नाही. मी दोन साचे केले, एक बाप्यांचा, एक बायकांचा. माझ्या त्या फजितीत नावाबरोबर 'त्या'सुद्धा राहिले होते हे आता सांगून टाकतो.

आणि नाव एकदाच लिहायचे. वर्ड २००७ पासून 'डॉक्युमेंट प्रॉपर्टी'चा एकच रकाना पत्रात तीन ठिकाणी ठेवता येतो. एका ठिकाणी नाव लिहिले की उरलेल्या दोन ठिकाणी आपसूक येते. लिबर ऑफिसमध्ये फील्डमधला 'यूजर फील्ड' हेच काम करतो. २०१९ मध्ये मला हे ठाऊक असते तर... असो.

बाकी फारसे काही नाही. जावक क्रमांक, दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, मायना, मजकूर, 'आपला नम्र', सहीची जागा. पान ए-फोर. फाईल साठवताना प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. वर्ड २०१३ नंतरच्या आवृत्त्यांत 'न्यू'खाली 'पर्सनल'मध्ये ती दिसते. लिबर ऑफिसमध्ये फाईल, टेम्प्लेट्स, 'सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट', आणि नंतर कंट्रोल-शिफ्ट-एन. एक दुपार पुरते.

एवढे सांगितल्यावर एका मराठी चळवळीतल्या ज्येष्ठांनी मला सुनावले, "ही कारकुनी कामं आहेत. भाषा साहित्याने जगते." साहित्याने जगते ह्यात वाद नाही. पण साहित्य संमेलनाच्या मंडपाचे भाडे भरल्याची पावती कोणत्या भाषेत आहे, पंचायतीला ना हरकत दाखल्यासाठी दिलेला अर्ज कोणत्या भाषेत आहे, हेही विचारायला नको का? वर्षातून तीन दिवस संमेलन आणि उरलेले दिवस इंग्रजी पत्रव्यवहार, अशी आपली वाटणी झाली आहे. मुलगा वाचनालयात बालकवी वाचतो आणि तिथेच सभासदत्वाचा फॉर्म इंग्रजीत भरतो. त्याला आपण काय शिकवले?

दुसरे म्हणतात, डीटीपीवाला आहे की! आहे, आणि त्याच्यावर माझा राग नाही. हँडबिले त्यानेच करावीत. पण संस्थेचा प्रत्येक कागद त्याच्या दुकानात आणि त्याच्या फाँटात असेल तर त्याने दुकान बंद केल्यावर आपले दफ्तर कुणाचे? तिसरे, तरुण, म्हणतात की आता एआयला सांगितले की मराठी पत्र तयार. खरे आहे, मीही करून पाहिले. पण आज 'महोदय', उद्या 'माननीय श्रीमान', परवा 'प्रिय सर'. आपल्या संस्थेचा मायना कोणता हे आपण कधी ठरवलेच नाही तर यंत्राने तरी कुठून आणायचा? आधी साचा ठरवा, मग मजकूर खुशाल त्याच्याकडून घ्या.

दुसरा कागद मी त्या मुलाला तिसऱ्या दिवशी नेऊन दिला. त्यांच्या ओसरीवर तो आजही आहे, नटाच्या फोटोखाली. वाचनालयात सध्या सहा साचे आहेत : निमंत्रण, इतिवृत्त, आभारपत्र, अर्ज आणि शोकप्रस्तावाचे दोन. पावतीचा अजून व्हायचा आहे. खजिनदार म्हणतात, पावतीपुस्तके इंग्रजीत छापलेली आहेत आणि अजून चाळीस शिल्लक आहेत, ती आधी संपू द्या.