३१ क्युबिटमध्ये ताडोबाचा वाघ मावतो, पण दिसतो का?

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या बफरमधलं सीतारामपेठ. गावाच्या कडेला एआय कॅमेरे लावलेत. वाघ दिसला की गावात सूचना जाते. असे व्हिडिओ क्वांटम कॉम्प्युटर झटक्यात तपासेल, असं हल्ली ऐकू येतं. खरंच?

आधी गणित बघा, कारण ते भारी आहे. १०२४ × १०२४ च्या एका फ्रेममध्ये १०,४८,५७६ ठिपके असतात. २० क्युबिट एवढे सगळे पत्ते एकाच वेळी सुपरपोझिशनमध्ये धरू शकतात. ठिपक्याची छटा आणखी एका क्युबिटच्या कोनात बसवायची. या पद्धतीचं नाव एफआरक्यूआय. व्हिडिओ असेल तर वेळेचाही पत्ता लागतो. १०२४ फ्रेमना आणखी १० क्युबिट. झाले ३१! म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमने ३४ सेकंदांचा ब्लॅक-अँड-व्हाइट वाघ. सगळ्या ठिपक्यांच्या छटा उलट्या करायच्या? एका क्युबिटवर एक गेट, काम फत्ते.

गोम पुढे आहे. मोजमाप केलं की सुपरपोझिशन मोडते आणि हाती एकच पत्ता लागतो, छटेबद्दल फक्त ० किंवा १. पूर्ण व्हिडिओ परत हवा तर पुन्हा भरा, पुन्हा मोजा, अब्जावधी वेळा. भरणंही फुकट नाही. कॅमेरा साधा, त्याचा डेटाही साधा. १०७ कोटी ठिपके एकेक करून आत न्यावे लागतात. तोवर वाघ गावात फिरून परत गेलेला असेल.

आणि मशीन? पुण्यातली डीआरडीओची लॅब, मुंबईची टीआयएफआर आणि टीसीएस यांच्या ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. आपल्यासाठी अभिमानाचीच गोष्ट. पण ६ क्युबिटमध्ये ४ × ४ ठिपक्यांच्या दोन फ्रेम बसतात. पट्टे सोडा, शेपूटही नाही. गूगलच्या विलोमध्ये १०५ क्युबिट आहेत, आकड्याला पुरतात. मात्र एवढ्या क्रिया होईपर्यंत चुका साचून चित्राचा चिखल होईल.

२०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६००३.६५ कोटी वाया जातील असं मी म्हणत नाही. रेणूंचा अभ्यास, सेन्सर, सुरक्षित संदेश, तिथे क्वांटमला खरा वाव आहे. वाघ ओळखायला मात्र कॅमेऱ्यातच चालणारं छोटं मॉडेल, पावसाळ्यात टिकणारी बॅटरी आणि रेंज हवी. गडचिरोलीच्या जंगलात तर रेंज हाच पहिला प्रश्न. उद्या कुणी ‘क्वांटम एआय कॅमेरा’ विकायला आलं, तर एवढंच विचारा: व्हिडिओ आत कसा भरता, आणि उत्तर बाहेर यायला किती सेकंद लागतात?